शाळामास्तरांचा फुटबॉल : सय्यद अब्दुल रहीम

पावसाळ्यात आमच्या नंदगडच्या माळावर चिखलात अनवाणी फुटबॉल खेळलेला माणूस बूट घालून पहिल्यांदा मैदानात उतरला की पहिले आठ दिवस त्याला चेंडू लागतच नाही. मला तरी लागला नाही. म्हणून १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकची हकिकत वाचली तेव्हा हसू आलं नाही. कडाक्याची थंडी, आपले बरेच खेळाडू अनवाणी, आणि समोर युगोस्लाव्हिया. निकाल १-१०. त्या संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. २०२४ च्या ‘मैदान’ सिनेमात अजय देवगणनं रंगवले ते हेच रहीमसाहेब. सिनेमात पदाधिकाऱ्यांचं राजकारण भरपूर आहे, पण त्यांच्यातला शाळामास्तर मला त्यात फारसा सापडला नाही. म्हणून हा लेख.

जन्म १७ ऑगस्ट १९०९, हैदराबाद. उस्मानिया विद्यापीठात शिकताना ते विद्यापीठाच्या संघात खेळले, पुढे शहरातल्या क्लबांकडूनही खेळले. पण फुटबॉलवर पोट भरावं असे दिवस तेव्हा नव्हते. पगारी व्यावसायिक खेळाडू हा प्रकारच आपल्याकडे नव्हता. कोण पोलिसात, कोण रेल्वेत, कोण टाटांकडे नोकरीला, आणि त्यांच्याच संघातून खेळायचं. रहीमसाहेबांनी शाळेची नोकरी धरली. शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळेत खेळाचे मास्तर झाले. १९४३ पासून हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचं सचिवपद त्यांच्याकडे आलं, ते शेवटपर्यंत राहिलं.

खरी गंमत त्यांच्या शिकवण्यात आहे. त्या काळी आपल्याकडे चेंडू पायाला चिकटवून चार जणांना चकवणारा खेळाडू म्हणजे मोठा खेळाडू. रहीमसाहेबांनी ड्रिब्लिंगला बंदी असलेल्या स्पर्धा भरवल्या. चेंडू आला की थांबवत बसायचं नाही, एका टप्प्यात पुढच्याला द्यायचा. दुसऱ्या एका स्पर्धेत फक्त कच्च्या पायानं खेळायचं. म्हणजे उजव्या पायाचा खेळाडू असेल तर त्यानं डाव्यानंच मारायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण एकदा करून बघा की! आम्ही कॉलेजच्या मैदानावर करून बघितलं. दहा मिनिटांत सगळ्यांची शोभा झाली, आणि कोण कुठं उभा आहे हे बघायची सवय मात्र लागली. वर्गात पाढे घोटून घ्यावेत तसा हा प्रकार. मास्तरच तो, दुसरं काय करणार?

१९५० साली ते हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक झाले. मुंबईची रोव्हर्स कप स्पर्धा म्हणजे त्या काळातली मोठी स्पर्धा. ती या पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं जिंकली. भारतीय संघही त्यांच्याकडे आला. १९५१ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत मेवालालच्या गोलवर इराणला १-० नं हरवून सुवर्णपदक मिळालं. पुढच्याच वर्षी हेलसिंकी. त्या पराभवानंतर आपल्याकडे बूट घालूनच खेळायचा नियम आला.

मग १९५६ चं मेलबर्न. हंगेरीनं माघार घेतल्यानं पहिली फेरी न खेळताच आपण पुढं गेलो. समोर यजमान ऑस्ट्रेलिया. आपल्या शेजारच्या गोव्यातल्या आसगावचा नेव्हिल डिसोझा त्या दिवशी असा खेळला की तीन गोल एकट्याचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. भारत ४-२ नं जिंकला. उपांत्य फेरीत पुन्हा युगोस्लाव्हिया आडवा आला. नेव्हिलनंच आपल्याला आघाडी मिळवून दिली, पण शेवटी १-४. ब्राँझच्या सामन्यात बल्गेरियाकडून हार, आणि चौथा क्रमांक. चार वर्षांत १-१० वरून इथपर्यंत!

१९६० च्या रोमबद्दल थोडक्यात सांगतो. फ्रान्सशी १-१ बरोबरी, हंगेरीकडून १-२ आणि पेरूकडून १-३ पराभव. त्या संघात रहीमसाहेबांचा मुलगा सय्यद शाहिद हकीमही होता, पण एकाही सामन्यात तो मैदानात उतरला नाही. बाप प्रशिक्षक आणि पोरगा बाकावर. आपल्याकडे उलटंच बघायची सवय, म्हणून हे मला विशेष वाटतं.

१९६२, जकार्ता. इंडोनेशियानं इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नाही, त्यावर भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी जाहीर आक्षेप घेतला. तिथले लोक भडकले आणि राग निघाला आपल्या खेळाडूंवर. पहिला सामना दक्षिण कोरियाकडून ०-२ नं गेला. थायलंडला हरवलं, पण त्यात बचावपटू जर्नेल सिंगचं डोकं फुटलं, टाके पडले. जपानलाही हरवलं. एवढी दुखापत झालेला माणूस बचावात हेडिंग कसं करणार? रहीमसाहेबांनी त्याला बसवलं नाही, पुढं काढलं, सेंटर फॉरवर्ड म्हणून! उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामला ३-२ नं हरवलं, त्यातही जर्नेलचा गोल.

४ सप्टेंबरचा अंतिम सामना पुन्हा कोरियाशी. गोलरक्षक पीटर थंगराज आजारातून उठलेला, तरी त्याला उभं केलं. मधल्या फळीत टाटांकडून खेळणारा आपला गोव्याचा फॉर्च्युनाटो फ्रँको होता. स्टेडियम भरलेलं, भारताच्या पायाला चेंडू लागला की हुर्यो. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जीनं गोल मारला, विसाव्याला जर्नेलनं. शेवटच्या काही मिनिटांत कोरियानं एक फेडला. २-१. स्पर्धेतला पहिला सामना ज्यांनी हरवला, त्यांनाच शेवटच्या सामन्यात हरवलं.

परत आल्यावर रहीमसाहेब फार दिवस मैदानावर दिसले नाहीत. कॅन्सर झाला होता. ११ जून १९६३ रोजी ते गेले, वय त्रेपन्न. पुढच्या वर्षी आशिया चषकात भारत दुसरा आला, तेव्हा प्रशिक्षक इंग्रज होता. १९७० च्या आशियाई स्पर्धेत ब्राँझ मिळालं. सुवर्ण मात्र अजून जकार्ताचंच शेवटचं.