कृपेचे आचार्य संत ऑगस्टीन आणि त्यांचा छोटा समूह



आपल्या लहान ख्रिस्ती समूहांच्या बैठकीत एक प्रश्न अनेकांच्या मनात असतो. महिनोन् महिने एकत्र बायबल वाचूनही आपल्या वागण्यात बदल का दिसत नाही? काही जण ह्या प्रश्नापाशीच अडतात आणि हळूहळू बैठकीला येणे सोडतात. अशा वेळी संत ऑगस्टीन ह्यांच्या जीवनाकडे पाहावे. ख्रिस्तसभा त्यांना कृपेचे आचार्य मानते.

त्यांचा जन्म 13 नोव्हेंबर 354 रोजी उत्तर आफ्रिकेतील थगास्ते ह्या गावी झाला. हे गाव आजच्या अल्जेरियात आहे. आई मोनिका श्रद्धावंत होत्या. वडील पॅट्रिशियस ह्यांनी मात्र आयुष्याच्या अखेरीस बाप्तिस्मा घेतला. कार्थेज शहरात शिकत असताना तरुण ऑगस्टीन ह्यांनी एका स्त्रीबरोबर विवाहाविना संसार थाटला आणि त्यांना अदेओदातुस हा मुलगा झाला. एकोणिसाव्या वर्षी सिसेरोचा एक ग्रंथ वाचून त्यांना सत्याची ओढ लागली. पण बायबलची साधी भाषा त्यांच्या विद्वत्तेला रुचली नाही. ते मानी पंथाकडे वळले आणि सुमारे नऊ वर्षे तिथे राहिले. वाईट ही एक वेगळीच शक्ती आहे, असे तो पंथ शिकवी. ही शिकवण सोयीची होती. पाप घडले, तरी दोष आपला नाही, आपल्यातील त्या परक्या शक्तीचा, असे म्हणता येत असे.

इ. स. 384 मध्ये ते मिलान शहरात वक्तृत्वाचे प्राध्यापक झाले. तिथे बिशप अॅम्ब्रोज ह्यांची प्रवचने ऐकून त्यांच्या शंका फिटू लागल्या. प्लेटोच्या अनुयायांचे ग्रंथ वाचून त्यांना उमगले, की वाईट म्हणजे स्वतंत्र शक्ती नव्हे, तर चांगल्याचा अभाव. बुद्धीला सारे पटले, पण पाऊल पुढे पडेना. ह्याच काळात प्रतिष्ठेच्या घरातील मुलीशी त्यांचे लग्न ठरले आणि अनेक वर्षांच्या सहचारिणीला आफ्रिकेला परत पाठवण्यात आले. मुलगा वडिलांजवळ राहिला. त्या स्त्रीचे नावही इतिहासाला ठाऊक नाही. नियोजित वधू लहान होती. तेवढी वाट पाहणेही ऑगस्टीन ह्यांना जमले नाही; त्यांनी दुसरी स्त्री जवळ केली. सत्य कळणे आणि सत्याप्रमाणे जगणे ह्यांतील अंतर केवढे असते, हे इथे दिसते.

ऑगस्ट 386 मध्ये आफ्रिकेतील एक ओळखीचे गृहस्थ, पोंतिशियानुस, त्यांच्या घरी आले. त्यांनी इजिप्तचे संत अंतोनी ह्यांची कथा सांगितली. ती ऐकून ऑगस्टीन अस्वस्थ झाले आणि बागेत जाऊन रडू लागले. तेवढ्यात शेजारून एका लहान मुलाचा आवाज आला. पुस्तक उचलून वाचावे, असे तो गात होता. त्यांनी संत पौलाचे रोमकरांस पत्र उघडले. जिथे नजर पडली, तिथे भोगविलास सोडून ख्रिस्ताला परिधान करण्याचा उपदेश होता. मन शांत झाले. मित्र अलिपियुस ह्यांनी पुढची ओळ वाचली आणि तेही वळले. दोघांनी आत जाऊन मोनिकांना सांगितले. त्या माउलीची वर्षानुवर्षांची प्रार्थना फळाला आली होती.

ह्यानंतरची गोष्ट आपल्या समूहांसाठी महत्त्वाची आहे. ऑगस्टीन ह्यांनी नोकरी सोडली आणि वेरेकुंदुस ह्या मित्राच्या कासिचियाकुम येथील घरी ते जाऊन राहिले. सोबत आई, भाऊ, मुलगा, अलिपियुस, दोन नातेवाईक आणि लिचेंतियुस व त्रिगेतियुस हे दोन तरुण शिष्य होते. आपल्या वाढदिवसापासून तीन दिवस त्यांनी सुख म्हणजे काय ह्यावर सोबत्यांशी चर्चा केली. पंडितांच्या ह्या बैठकीत मोनिकाही बोलल्या. इच्छिलेले मिळाले, तरी ती इच्छा वाईट असेल, तर माणूस दुःखीच राहतो, असे त्यांनी सांगितले. विद्वान मुलाने त्यांची मनापासून प्रशंसा केली.

तो समूह निर्दोष नव्हता. एकदा त्रिगेतियुसकडून बोलण्यात चूक झाली. ती लिहून घेतली जाऊ नये, असे त्याला वाटले, तर लिचेंतियुसला तिचा आनंद झाला. दोघांची चढाओढ पाहून ऑगस्टीन ह्यांच्या डोळ्यांत पाणी आले. आणखी एकदा त्यांचे दात इतके दुखू लागले, की बोलताही येईना. सर्वांनी प्रार्थना करावी, असे त्यांनी मेणाच्या पाटीवर लिहून दाखवले. सारे गुडघे टेकतात न टेकतात, तोच वेदना थांबली.

इ. स. 387 च्या पुनरुत्थान सणाच्या जागरण रात्री बिशप अॅम्ब्रोज ह्यांनी ऑगस्टीन, अदेओदातुस आणि अलिपियुस ह्यांना बाप्तिस्मा दिला. त्याच वर्षी ओस्तिया बंदरात मोनिका प्रभूघरी गेल्या. ऑगस्टीन पुढे हिप्पोचे बिशप झाले. माणूस स्वबळावर पुण्यवान होऊ शकतो, असे पेलाजियुस शिकवू लागले, तेव्हा ऑगस्टीन ह्यांनी त्याला विरोध केला. चांगले करण्याची इच्छासुद्धा देवाची कृपाच जागी करते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. 28 ऑगस्ट 430 रोजी, शहराला वँडल लोकांचा वेढा पडलेला असताना, ते वारले. अखेरच्या दिवसांत पश्चात्तापाची स्तोत्रे भिंतीवर लावून ते ती वाचत आणि रडत. परिवर्तन एका दिवसात संपत नाही, हे त्यांना कळले होते.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. लिचेंतियुस त्याच घरात राहिला, त्याच चर्चा त्याने ऐकल्या. तरी सुमारे नऊ वर्षांनी ऑगस्टीन ह्यांना पत्र लिहून त्याला कळवळून विनवावे लागले. म्हणजे अभ्यास परिवर्तन घडवून आणत नाही. ते देवाचे दान आहे. मग बैठकीला का जावे? कारण ऑगस्टीन ह्यांना ती कृपा आईची प्रार्थना, बिशपांचे प्रवचन, पाहुण्याने सांगितलेली कथा आणि मित्राची सोबत ह्यांतूनच मिळाली. शेतकरी पाऊस पाडू शकत नाही, पण जमीन नांगरून ठेवतो. आपला समूह ही तशी नांगरलेली जमीन असावी.

ह्या आठवड्यात समूहात विचार करावा:

1. कोणते सत्य मला पटले आहे, पण मी अजून आचरणात आणलेले नाही?
2. कोणाच्या प्रार्थनेमुळे किंवा शब्दामुळे मला देवाची कृपा लाभली?
3. बैठकीला येणे सोडलेल्या कोणाला मी ह्या आठवड्यात भेटेन?