सन ६९० : चीनच्या गादीवर स्वतःच्या नावाने बसलेली एकमेव स्त्री

मंडळी, इसवी सन ६९० मध्ये जग काय करत होतं? जेरुसलेममध्ये खलिफा अब्द अल-मलिक याच्या कारकिर्दीत 'डोम ऑफ द रॉक' उभा राहत होता. दख्खनवर बदामीच्या चालुक्यांचा राजा विनयादित्य राज्य करत होता. जपानमध्ये जितो नावाची स्त्री रीतसर गादीवर बसली. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चीनमधल्या लुओयांग शहरात, पासष्टी ओलांडलेल्या एका विधवेने स्वतःला सम्राट म्हणून जाहीर केलं. तिचं नाव वू झेतियान.

जपानने जितोच्या आधीही स्त्री राज्यकर्त्या पाहिल्या होत्या. चीनच्या इतिहासात मात्र स्वतःच्या नावाने सम्राट झालेली स्त्री एकच, ती म्हणजे वू.

तिचा जन्म ६२४ सालचा. वडील लाकडाचे व्यापारी होते. तांग घराण्याच्या संस्थापकाला त्यांनी मदत केली होती, म्हणून त्यांना मोठी पदं मिळाली. साधारण चौदाव्या वर्षी वू सम्राट ताईझोंगच्या जनानखान्यात दाखल झाली, तेही खालच्या दर्जाची उपपत्नी म्हणून. ६४९ मध्ये सम्राट वारला. मूलबाळ नसलेल्या उपपत्नींनी मुंडण करून मठात जायचं, असा रिवाज होता. वूची गोष्ट तिथेच संपायला हवी होती.

पण नवा सम्राट, म्हणजे ताईझोंगचाच मुलगा गाओझोंग, याने तिला राजवाड्यात परत आणलं. ६५५ मध्ये आधीच्या राणीला हटवून वू महाराणी झाली. पदच्युत राणी आणि आणखी एक सवत लवकरच मारल्या गेल्या. राणीवर आळ घेता यावा म्हणून वूने स्वतःच्या तान्ह्या मुलीचा गळा दाबला, असंही पुढच्या इतिहासकारांनी लिहून ठेवलं. ते खरं की रचलेलं, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. हा इतिहास लिहिणारे दरबारी पंडित, आणि बाईने राज्य करणं हेच त्यांच्या लेखी पाप!

६६० पासून गाओझोंगची तब्येत ढासळली आणि कारभार वूच्या हाती गेला. ६८३ मध्ये तो वारल्यावर तिने एका मुलाला गादीवर बसवलं, दोन महिन्यांच्या आतच उतरवलं आणि दुसऱ्याला बसवलं. शेवटी ६९० मध्ये त्यालाही बाजूला सारून तिने 'झोऊ' नावाची स्वतःची राजवट सुरू केली. तिने स्वतःच्या नावासाठी नवं अक्षरही वापरात आणलं: वर सूर्य आणि चंद्र, खाली आकाश.

तिचं राज्य कसं होतं? याचं उत्तर एका तांब्याच्या पेटीत आहे. ६८६ मध्ये तिने चार खणांची पेटी बसवली. कोणीही तक्रार, सूचना, नोकरीसाठीचा अर्ज किंवा गुप्त खबर तिच्यात टाकू शकत असे. सामान्य माणसाचा आवाज थेट दरबारात पोहोचू लागला. पण याच पेटीतून चहाड्यांचं पीक आलं आणि खोट्या आरोपांवरून कित्येकांचे जीव गेले. छळासाठी कुप्रसिद्ध असलेल्या लाय जुनचेन या अधिकाऱ्याला ६९७ मध्ये अखेर तिनेच मृत्युदंड दिला.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. परीक्षा देऊन पुढे आलेल्या माणसांना तिने मोठी पदं दिली, त्यामुळे जुन्या सरदार घराण्यांची मक्तेदारी सैल झाली. दी रेनजिएसारखा तोंडावर खरं बोलणारा मंत्री तिने जवळ ठेवला. ६९२ मध्ये तिच्या सैन्याने मध्य आशियातली महत्त्वाची ठाणी तिबेटी लोकांकडून परत मिळवली.

७०५ मध्ये, वयाच्या ऐंशीनंतर, दरबाऱ्यांनी बंड करून तिला पायउतार केलं. त्याच वर्षाच्या शेवटी ती वारली. 'सम्राट' हे पद मागे ठेवून, पत्नी म्हणून तिला गाओझोंगच्या शेजारी पुरण्यात आलं.

शिआन शहराजवळच्या त्या समाधीपुढे आजही दोन उंच शिलालेख उभे आहेत. गाओझोंगच्या शिळेवर त्याची स्तुती कोरलेली आहे. वूची शिळा मात्र कोरीच उभारली गेली. पुढे शेकडो वर्षांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तिच्यावर आपापला मजकूर कोरला. तिच्या आयुष्याचंही तेच झालं, नाही का? जागा तिची आणि शब्द दुसऱ्यांचे!

त्या कोऱ्या दगडावर तुम्ही काय लिहिलं असतं? कमेंटमध्ये नक्की सांगा.