हेमू अधिकारी

लेफ्टनंट कर्नल हेमचंद्र रामचंद्र अधिकारी (३१ जुलै, १९१९:पुणे - २५ ऑक्टोबर, २००३:मुंबई) हे भारतीय क्रिकेटपटू, कसोटी कर्णधार आणि भारतीय संघाचे व्यवस्थापक होते. १९७१ साली इंग्लंडमध्ये भारताने पहिल्यांदा कसोटी मालिका जिंकली, तेव्हा संघाचे व्यवस्थापकपद त्यांच्याकडे होते.

== सुरुवातीची कारकीर्द ==
अधिकारी यांनी १९३६-३७च्या हंगामात, वयाच्या सतराव्या वर्षी, गुजरातकडून प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. पुढे ते बडोद्याकडून व १९५०-५१ पासून सेनादलाकडून खेळले. दुसऱ्या महायुद्धामुळे १९३६ ते १९४६ या काळात भारताने एकही कसोटी सामना खेळला नाही. त्यामुळे अधिकारी यांना कसोटी पदार्पणासाठी वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत थांबावे लागले. नोव्हेंबर १९४७ मध्ये ब्रिस्बेन येथे ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध ते पहिली कसोटी खेळले.

== कसोटी कारकीर्द ==
१९४८ साली दिल्ली कसोटीत वेस्ट इंडीजने ६३१ धावा केल्या. त्याला उत्तर देताना अधिकारी यांनी नाबाद ११४ धावा काढल्या. फॉलोऑन मिळूनही भारताने सामना अनिर्णित राखला. त्यांचे हे एकमेव कसोटी शतक होय. ऑक्टोबर १९५२ मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या पहिल्याच कसोटीत भारताची अवस्था ९ बाद २६३ असताना त्यांनी गुलाम अहमद यांच्यासह शेवटच्या गड्यासाठी १०९ धावांची भागीदारी केली. अधिकारी ८१ धावांवर नाबाद राहिले आणि भारताने तो सामना एक डाव व ७० धावांनी जिंकला. दहाव्या गड्याचा हा भारतीय विक्रम २००४ पर्यंत अबाधित होता.

लष्करी सेवेमुळे त्यांना सलग कसोटी क्रिकेट खेळता आले नाही. मात्र त्यांच्या नेतृत्वाखाली सेनादलाने १९५६-५७ व १९५७-५८ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडकाची अंतिम फेरी गाठली.

१९५८-५९च्या वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेत भारताने पाच सामन्यांत चार कर्णधार बदलले. उम्रीगर, गुलाम अहमद व मांकड यांच्यानंतर दिल्लीच्या पाचव्या कसोटीची धुरा अधिकारी यांच्यावर आली. त्यांनी ६३ व ४० धावा काढल्या, तीन बळी घेतले आणि सामना अनिर्णित राहिला. कसोटी कारकिर्दीतील तेवढेच तीन बळी त्यांच्या नावावर आहेत. कर्णधार म्हणून हा त्यांचा पहिला सामना होता आणि खेळाडू म्हणून अखेरची कसोटीही हीच ठरली. एकूण २१ कसोटींत त्यांनी ३१.१४च्या सरासरीने ८७२ धावा केल्या.

== व्यवस्थापक ==
अधिकारी स्वतः कव्हरमधील चपळ क्षेत्ररक्षक होते. १९७१च्या इंग्लंड दौऱ्यावर व्यवस्थापक म्हणून त्यांनी लष्करी शिस्तीने तंदुरुस्ती व क्षेत्ररक्षणाचा सराव करून घेतला. भारताचा मारा फिरकीवर अवलंबून असल्याने फलंदाजाजवळचे झेल निर्णायक होते. ओव्हल कसोटीच्या दुसऱ्या डावात चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले, तर एकनाथ सोलकर यांनी ॲलन नॉटचा अवघड झेल टिपला. इंग्लंड १०१ धावांत बाद झाले. २४ ऑगस्ट रोजी भारताने चार गडी राखून सामना आणि १-० अशी मालिका जिंकली.

१९७४च्या इंग्लंड दौऱ्यावरही अधिकारी व्यवस्थापक होते. या वेळी भारत तिन्ही कसोटी हरला. लॉर्ड्सवर संघ अवघ्या ४२ धावांत बाद झाला. भारताची ही नीचांकी धावसंख्या २०२० पर्यंत कायम होती. कर्णधार अजित वाडेकर यांची कसोटी कारकीर्दही या दौऱ्यानंतर संपली.

पुढील काळात अधिकारी यांनी प्रशिक्षण शिबिरांतून तरुण खेळाडूंना मार्गदर्शन केले. वयाच्या ८४व्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले.