फिजिक्स शिकायला पैसे नव्हते म्हणून डॉक्टर झाले, अन् शरीरातच फिजिक्स शोधलं

पायात काटा रुतला की त्याची खबर मेंदूपर्यंत किती वेगाने जाते? १८४०च्या दशकात नावाजलेल्या शास्त्रज्ञांनाही वाटायचं, हा वेग मोजणं माणसाला जमणार नाही. सजीवांचं शरीर एका वेगळ्याच ‘जीवनशक्ती’वर चालतं, असंही अनेक जण मानायचे.

हा समज मोडण्यात हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांचा मोठा वाटा आहे.

त्यांचा जन्म १८२१चा, जर्मनीतल्या पॉट्सडॅमचा. वडील शिक्षक. मुलाला ओढ फिजिक्सची, पण घरची परिस्थिती बेताची. बर्लिनमध्ये सैन्याच्या संस्थेत डॉक्टरकीचं शिक्षण मोफत मिळायचं. अट एकच, पुढे सैन्यात नोकरी करायची. हेल्महोल्ट्झ डॉक्टर झाले.

नोकरी सांभाळत त्यांनी बराकीतच प्रयोगशाळा थाटली. स्नायू काम करतो तेव्हा उष्णता कुठून येते, हा त्यांचा प्रश्न होता. जीवनशक्ती खरी असेल, तर शरीर शून्यातून ऊर्जा तयार करतं असं म्हणावं लागेल. १८४७ मध्ये त्यांनी मांडलं की ऊर्जा निर्माण होत नाही, नष्टही होत नाही, फक्त रूप बदलते. शरीरही याला अपवाद नाही. एका मोठ्या नियतकालिकाने हा लेख नाकारला. मग त्यांनी तो पुस्तिका म्हणून छापला.

पुढे कोनिग्सबर्गला प्राध्यापक असताना त्यांनी बेडकाच्या पायाचा स्नायू आणि त्याची नस घेतली. नसेला आधी स्नायूजवळ विजेचा झटका दिला, मग लांबून. दोन्ही वेळा स्नायू आकसला, पण लांबच्या झटक्याला किंचित उशीर झाला. त्या फरकावरून वेग निघाला. सेकंदाला साधारण २७ मीटर, म्हणजे ताशी जवळपास १०० किलोमीटर!

१८५१ मध्ये त्यांनी जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा पाहण्याचं यंत्र जगासमोर आणलं. अडचण साधी होती. डोळ्यात गेलेला प्रकाश त्याच वाटेने परत येतो, आणि तिथे डोकवायला गेलं की आपलंच डोकं दिव्याच्या आड येतं. त्यांनी तिरकी काच लावून दिव्याचा प्रकाश डोळ्यात वळवला आणि त्याच काचेतून आत पाहिलं.

१८७१ मध्ये ते बर्लिनमध्ये फिजिक्सचे प्राध्यापक झाले. १८९४ मध्ये त्यांचं निधन झालं.

आज हातापायांना मुंग्या येतात म्हणून डॉक्टर ‘नर्व्ह कंडक्शन टेस्ट’ करायला सांगतात. त्यातही नसेला दोन ठिकाणी हलका झटका देतात आणि वेळेतला फरक मोजतात. युक्ती तीच, बेडकाच्या पायावरची.