हॅरिएट टबमन आणि गुलामांचे म्हातारपण

हॅरिएट टबमन म्हटले की आम्हाला आठवते ती रात्रीच्या अंधारात गुलामांना पळवून नेणारी रणरागिणी. जोतिरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामीमुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली, त्या लढ्यातली ही बिनीची शिपाई. मात्र तिची शेवटची लढाई आमच्या भाषणांत येत नाही. ती होती निराधार म्हाताऱ्यांच्या घरासाठी.

मेरिलँडमध्ये १८२२ च्या सुमारास ती गुलामाच्या पोटी जन्मली. पोरवयात मुकादमाने दुसऱ्यावर भिरकावलेले वजन हिच्या डोक्यात बसले. बसल्याजागी झोपेचे झटके येण्याचे दुखणे जन्मभर राहिले. १८४९ मध्ये ती पळाली, पण एकटी सुटून स्वस्थ बसली नाही. सुमारे १३ फेऱ्या करून तिने ७० च्या आसपास माणसे सोडवली; १८५७ मध्ये थकलेले आईबापही आणले. यादवी युद्धात १८६३ च्या कोम्बाही नदीवरील मोहिमेत ७५० हून अधिक गुलाम मुक्त झाले, त्या फौजेला वाट तिने दाखवली. एवढे करून सरकारने पेन्शन दिली ती आधी शिपायाची विधवा म्हणून महिना ८ डॉलर! १८९९ मध्ये तिच्या शुश्रूषेची दखल घेऊन ती २० झाली.

गुलामी कायद्याने संपली, पण जन्मभर फुकट राबलेल्याच्या गाठीला ना जमीन ना पैसा. हातपाय थकल्यावर त्याने जायचे कुठे? न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावी हॅरिएटचे घर अशा म्हाताऱ्यांनी, अपंगांनी भरलेले असे. डुकरे पाळून, भाजीपाला पिकवून, दारोदार मागून ती त्यांना जेवू घाली.

१८९६ मध्ये शेजारची २५ एकर जमीन लिलावात निघाली. गोऱ्या बोलीदारांच्या गर्दीत ही एकटी काळी म्हातारी कोपऱ्यात बसून बोली वाढवत राहिली आणि १४५० डॉलरला जमीन तिच्या नावावर झाली. खिशात दमडी नव्हती. जमीन बँकेकडे गहाण पडली, आपल्या काळ्या चर्चची मदत घ्यावी लागली. १९०३ मध्ये जमीन तिने त्या चर्चच्याच स्वाधीन केली आणि १९०८ मध्ये वृद्धाश्रम उघडला.

इथेच तिला ठेच लागली. चर्चने प्रवेशासाठी १०० डॉलर फी ठेवली. तिला नेमका उलटा नियम हवा होता: ज्याच्याजवळ काहीच नाही त्यालाच आत घ्या. संस्था चालवायला पैसा लागतो, हे पावतीपुस्तक घेऊन फिरणाऱ्या आम्हालाही कळते. तरीही आमच्या मते बरोबर तीच होती. १०० डॉलर असलेल्याला कुठेतरी आसरा मिळालाच असता. घर बांधले होते ते ज्याला तो मिळत नव्हता त्याच्यासाठी.

१९११ मध्ये ती स्वतःच आजारी, कफल्लक अवस्थेत त्या घरात दाखल झाली. वर्तमानपत्रात बातमी आली तेव्हा लोकांनी देणग्या पाठवल्या. १० मार्च १९१३ रोजी तिथेच न्यूमोनियाने तिचे निधन झाले, आणि दफन लष्करी इतमामाने.