झाडूपलीकडचे गाडगेबाबा

दरवर्षी २० डिसेंबरला शाळा-कचेऱ्यांतून गाडगेबाबांच्या प्रतिमेला हार घातला जातो, अंगण झाडले जाते आणि बाबा म्हणजे स्वच्छता, एवढ्या एका शब्दात त्यांची बोळवण होते. हे समीकरण सुटसुटीत आहे. पण त्यात बाबांचे निम्मे आयुष्य गळून पडते.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी झाला. वडील दारूपायी अकाली गेले. आईने मुलाला आपल्या माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुरे येथे नेले. तेथे राबून पिकवलेली मामांची जमीन सावकाराच्या घशात जाताना डेबूजींनी पाहिली. व्यसन, कर्ज आणि निरक्षरता हे तीन वेगळे विषय नसून एकाच साखळीचे दुवे आहेत, हे अर्थशास्त्र ते तेथे शिकले. मुलीच्या बारशाला रूढीप्रमाणे मद्यमांस न देता त्यांनी गोड जेवण वाढले. १९०५ साली त्यांनी घर सोडले.

त्यांच्या कीर्तनाची भाषा वऱ्हाडी आणि अगदी सोपी होती. विषय मात्र अवघड असत. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याकडूनच वदवून घेत. सण, नवस, बळी यांसाठी काढलेले कर्ज, त्यावरचे व्याज आणि पोराची हुकलेली शाळा, हा कार्यकारणभाव श्रोता स्वतःच जोडी. बाबांनी शब्द सोपे केले. विषयाचे दुवे तोडले नाहीत.

बाबांचा भर घरच्या खर्चावर होता आणि तेवढ्याने शेतकऱ्याच्या कर्जाचा पुरता उलगडा होत नाही, हे मान्य केले पाहिजे. अमेरिकेतील यादवीच्या काळात (१८६१–६५) वऱ्हाडच्या कापसाला तेजी आली आणि युद्ध संपताच भाव कोसळले. दूरच्या बाजाराचा हा फटका काटकसरीने टळणारा नव्हता. आजही कोणी कर्जाचे खापर केवळ लग्नखर्चावर फोडतो, तर कोणी कर्जमाफी हेच संपूर्ण उत्तर म्हणून सांगतो. दोघेही एकच दुवा हाती देतात. अशा अर्धवट निदानाने सभा जिंकता येते. परंतु चुकीच्या उपायाची किंमत शेतकऱ्याच्या घराला मोजावी लागते.

१९५६ साली बाबांनी अमरावतीजवळ देह ठेवला. येत्या पुण्यतिथीला शाळांनी अंगण अवश्य झाडावे. त्यानंतर शिक्षकांनी एखाद्या कर्जाचे चक्रवाढ व्याज फळ्यावर मांडावे, शेजारी कापसाचा भाव लिहावा आणि हिशेब विद्यार्थ्यांकडूनच पुरा करून घ्यावा.