पाडण्याआधी पाहणारा नगररचनाकार : पॅट्रिक गेडिस

रिसोड (प्रतिनिधी) : पिंगलाक्षी देवीच्या रिसोडसारख्या कोणत्याही जुन्या गावाच्या गावठाणात दोन नांदत्या घरांमध्ये एखादी पडीक जागा असतेच. कधीकाळी तेथे वाडा असतो. भावंडांत वाटण्या होतात, भिंत खचते, माणसे नोकरीनिमित्त बाहेर पडतात आणि मागे उरतो तो मातीचा ढिगारा. पुढे एखादा नातू त्या जागेवर घर बांधू म्हणतो, तेव्हा आखीव पत्रिका, वारसांच्या सह्या, रस्त्याची रुंदी आणि सामासिक अंतरे यांचा प्रश्न पुढे येतो. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्या असताना चहूबाजूंनी जागा सोडायची, तर बांधायचे ते कोठे? नव्या ले-आउटसाठी आखलेला नियम जुन्या गल्लीला कसा लावावा, या पेचावर शंभर वर्षांपूर्वी एका स्कॉटिश प्राध्यापकाने हिंदुस्थानातील गल्लीबोळ पायी तुडवून उत्तर शोधले होते. त्यांचे नाव पॅट्रिक गेडिस.

गेडिस यांचा जन्म 2 ऑक्टोबर 1854 रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर येथे झाला. वडील सैन्यात होते. बालपण पर्थ गावाच्या परिसरात, झाडाझुडपांच्या सहवासात गेले. पुढे लंडनला थॉमस हक्स्ली यांच्या हाताखाली त्यांनी जीवशास्त्राचे शिक्षण घेतले. 1879 मध्ये संशोधनासाठी मेक्सिकोला गेले असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. सूक्ष्मदर्शकावर तासन् तास काम करणे त्यानंतर शक्य राहिले नाही आणि त्यांचे लक्ष माणसांच्या वस्तीकडे वळले. सजीवाचा अभ्यास त्याच्या भोवतालापासून तोडून करता येत नाही, हा जीवशास्त्रातला धडा त्यांनी शहरालाही लावला.

एडिंबरोच्या चाळीत संसार

1886 मध्ये अ‍ॅना मॉर्टन यांच्याशी विवाह झाल्यावर या दांपत्याने एडिंबरोच्या जुन्या शहरातील जेम्स कोर्ट या दाटीवाटीच्या वस्तीत बिऱ्हाड केले. सुखवस्तू मंडळी जुने शहर सोडून नव्या भागात गेलेली होती आणि मागे राहिलेल्या इमारतींची रया गेली होती. गेडिस यांनी शेजाऱ्यांना हाताशी धरून अंगणे साफ केली, भिंती रंगवल्या, मोकळ्या कोपऱ्यांत झाडे लावली. जी इमारत सावरता येईल ती सावरायची, जी अगदीच मोडकळीस आली असेल तेवढीच उतरवायची आणि मोकळ्या झालेल्या जागेत नवे घर किंवा अंगण करायचे, ही त्यांची रीत तेथेच ठरली. किल्ल्यालगतचे रॅमसे गार्डन हे एका जुन्या घराभोवती उभारलेले निवासस्थान या रीतीचा नमुना म्हणून आजही दाखवले जाते. 1888 पासून ते डंडीच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. परंतु अध्यापन केवळ उन्हाळी सत्रापुरते असल्याने उरलेला वेळ शहरांच्या अभ्यासाला मिळत असे.

त्या काळी मुंबईत वेगळाच प्रयोग चालू होता. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळ, म्हणजेच इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाला. दाट वस्तीतून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट असे रुंद रस्ते काढण्यात आले. हवा खेळती झाली. पण घरे पाडली गेली त्या प्रमाणात विस्थापितांना परवडणारी घरे उभी राहिली नाहीत. माणसे शेजारच्या चाळींत शिरली आणि एका वस्तीतील दाटी दुसऱ्या वस्तीत गेली.

मद्रास ते इंदूर

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून 1914 मध्ये गेडिस हिंदुस्थानात आले. त्यांचे शहरांविषयीचे प्रदर्शन ज्या जहाजातून येत होते, ते क्लॅन ग्रँट जहाज जर्मन युद्धनौका एम्डेनने बुडवले. वर्षानुवर्षे जमवलेले नकाशे आणि चित्रे समुद्रात गेली. मित्रांनी विलायतेतून नवी सामग्री जमवून पाठवली आणि 1915 च्या जानेवारीत मद्रासला प्रदर्शन भरले. पुढील काही वर्षांत त्यांनी मद्रास व मुंबई इलाख्यांतील गावे, तसेच लाहोर, लखनौ, नागपूर, बलरामपूर अशा अनेक शहरांना सल्ला दिला.

त्यांची कामाची पद्धत ठरलेली होती. कार्यालयात बसून पट्टीने रेषा ओढण्याआधी ते पहाटे गल्लीत उतरत. कोणते घर राहते, कोणते ओस पडले आहे, विहीर कोठे, पार कोठे, पाणी कोणत्या बाजूला उतरते, हे घरागणिक नकाशावर टिपले जाई. मगच एखादी पडकी भिंत काढून चौक मोकळा करणे, आडवे आलेले छप्पर थोडे मागे घेणे, रिकाम्या जागी घर किंवा बाग सुचवणे असे लहान लहान उपाय ते मांडत. या पद्धतीला त्यांनी जपणूक करणारी शस्त्रक्रिया अशा अर्थाचे नाव दिले होते. सरळ रस्त्यासाठी मोहल्लाच्या मोहल्ला पाडणाऱ्या अभियंत्यांच्या आराखड्यांपेक्षा ती कितीतरी कमी खर्चाची आहे आणि तीत फार थोड्या कुटुंबांना हलावे लागते, हे ते हिशेबानिशी दाखवून देत. उष्ण प्रदेशातील अरुंद गल्ली सावली देते, तेव्हा प्रत्येक गल्ली रुंद करण्याचा सरसकट नियम अनाठायी आहे, असेही त्यांचे मत होते.

या पद्धतीचा सर्वांत मोठा आविष्कार होळकरांच्या इंदुरात झाला. प्लेगने गांजलेल्या त्या शहरात त्यांनी दिवाळीच्या मिरवणुकीचा उपयोग करून घेतला. जे रस्ते आणि घरे सर्वांत स्वच्छ व दुरुस्त असतील, त्यांच्यावरूनच मिरवणूक जाईल असे जाहीर झाले आणि घरोघरी झाडलोट, रंगरंगोटी सुरू झाली. गाड्या भरभरून कचरा बाहेर गेला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिकृती होती आणि सफाई कामगार स्वच्छ पोशाखात मानाने चालत होते. 1918 मध्ये इंदूर दरबारला सादर केलेला त्यांचा दोन खंडांतील अहवाल नगररचनेच्या अभ्यासकांना आजही वाचावा लागतो.

हे काम चालू असताना घरावर मात्र आघात झाले. त्यांचा थोरला मुलगा अ‍ॅलिस्टर 1917 च्या एप्रिलमध्ये फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला. अ‍ॅना तेव्हा हिंदुस्थानात गंभीर आजारी होत्या. त्यांना ही वार्ता सांगण्यात आली नाही आणि जूनमध्ये त्याही गेल्या. ज्यांच्या सोबतीने जेम्स कोर्टमध्ये पहिली भिंत रंगवली, त्यांच्यावाचून गेडिस यांना इंदूरचे काम पुरे करावे लागले.

मुंबई विद्यापीठात

1919 मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा विभाग सुरू केला आणि त्याचे पहिले प्राध्यापक म्हणून गेडिस यांची नियुक्ती केली. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांची गुणवत्ता हेरून त्यांना विलायतेला पाठवण्यात गेडिस यांचा वाटा होता; त्याच घुर्यांनी 1924 मध्ये विभागाची धुरा घेतली. प्रकृती ढासळल्याने गेडिस फ्रान्समधील माँपेलिए येथे स्थायिक झाले. 1925 मध्ये त्यांनी तेल अवीव शहराचा आराखडा केला. 1932 च्या आरंभी त्यांना सर हा किताब मिळाला आणि 17 एप्रिल 1932 रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हिंदुस्थानातील अनेक शिफारशी दप्तरातच राहिल्या. अभियंत्यांना त्या अव्यवहार्य वाटल्या आणि नगरपालिकांकडे घरागणिक पाहणी करण्याइतकी माणसे नव्हती. तो आक्षेप अगदीच निराधार नव्हता. रेषा ओढायला एक नकाशानवीस पुरतो, गल्ली समजून घ्यायला मात्र अनेक माणसे आणि पुष्कळ दिवस लागतात.

आजचा संदर्भ

महाराष्ट्रात 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याने बांधकाम अर्जावर 60 दिवसांत निर्णय न कळवल्यास मानीव परवानगीची तरतूद केली. डिसेंबर 2020 मध्ये लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीने आणखी पुढचे पाऊल टाकले. विहित अटींत बसणाऱ्या 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर परवान्याची प्रतीक्षा उरली नाही; कागदपत्रे व शुल्क भरल्याची पोचच पुरेशी ठरली. 150 ते 300 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांसाठी दहा दिवसांची मुदत ठेवण्यात आली. गावठाणासारख्या दाट वस्तीसाठी वेगळे नियमही त्यात आहेत. मुंबई महानगरपालिका आणि काही मोजके प्रदेश वगळता ती राज्यभर, लहान नगर परिषदांनाही, लागू आहे.

गेडिस यांनी या तरतुदीचे स्वागतच केले असते. मात्र त्यांनी लगेच नगर परिषदेकडे गल्लीचा अद्ययावत नकाशा मागितला असता. कोणती जागा रिकामी आहे, कोणती भिंत सामाईक आहे, सांडपाणी कोठे जाते, हे आधीच नोंदलेले असेल, तर लहान घराच्या मंजुरीला दहा दिवसही लागू नयेत. ती नोंदच नसेल, तर वेगाने दिलेली परवानगी शेजाऱ्याच्या खिडकीवर उठते किंवा वारसांच्या वादात अडकते. अर्ज संगणकावर आला तरी गल्लीत कोणीतरी जावे लागतेच. गावाच्या मधल्या जागा भरल्या, तर नळ, गटार आणि रस्ता आहे तोच उपयोगी पडतो, गावाबाहेरची काळी जमीन वाचते आणि नातवाला आजोबांच्या शेजारातच राहता येते. त्यासाठी कोणाचे घर पाडावे लागत नाही. गेडिस यांनी आयुष्यभर शहराशहरांतून मांडला तो हाच हिशेब होय.